पारड्यातून न उतरलेल्या म्हस्केबाई

लग्नाच्या पंगतीत शिट्टी वाजवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, तीही अगदी शेजारी बसून. आमच्या प्रवरेकाठच्या बेलापुरातलंच लग्न होतं. पंगत रंगात आली होती आणि वरमाईचा भाऊ गुलाबजामाचं पातेलं घेऊन एका बाईपुढे उकिडवा बसला होता. ती बिचारी दोन्ही हात ताटावर आडवे धरून नको नको म्हणत होती आणि हा "माझ्या गळ्याची शपथ आहे ताई" म्हणत तिच्या बोटांच्या फटीतून गुलाबजाम सोडायला बघत होता. तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. वाढपी होते तिथे थांबले. म्हस्केबाईंनी तोंडातली शिट्टी काढली आणि त्या माणसाला विचारलं, "पोट तिचं, शपथ तुझी. ह्यो कुठला न्याय रं?"

तो गोरामोरा झाला आणि पातेलं घेऊन पुढच्या रांगेला गेला. मी शरमेनं मान खाली घातली होती. बाईंनी मात्र स्वतःच्या ताटातला गुलाबजाम चवीनं खाल्ला, पाक बोटानं पुसून घेतला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "मी खात न्हाई असं कुनी सांगितलं तुला? मला पायजे तेवडा मी खाईन. कुनी कोंबायचा न्हाई." त्यांचं भांडण गुलाबजामाशी कधीच नव्हतं. गावातल्या निम्म्या लोकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि उरलेल्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

कौसल्या म्हस्के आमच्या कन्या विद्यालयात खेळाच्या शिक्षिका. मी भूगोल शिकवते. बाई कुणाला नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ए गणित, चहा आला का?" "विज्ञानाला सांगा, तिच्या वर्गातली पोरगी चक्कर येऊन पडलीय." मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "भूगोल व्हय? बरं. पृथ्वी फिरते एवढं पोरींना शिकव, आन् तू बी जरा फिरत जा." मला असा राग आला. आधी स्वतःकडे बघा की, असं अगदी ओठांवर आलं होतं. कारण बाई चांगल्या आडव्या होत्या. साडीखाली पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि स्टाफरूमच्या अरुंद दारातून येताना जराशा तिरक्या व्हायच्या. खेळाची बाई आणि ही अशी, म्हणून पोरी पाठीमागे खिदळायच्या. बाईंना ते ठाऊक होतं.

त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, कोरड्या रानातल्या. आईवडील दिवाळी झाली की ऊस तोडायला इकडे कारखान्याच्या भागात यायचे. ही पोर मागे आजीजवळ राहून शिकली. शाळेत जायला लांब चालावं लागे, उशीर होऊ नये म्हणून ती पळत जायची आणि असं पळता पळता धावण्यात जिल्ह्यात पहिली आली. त्या वेळचा एक फोटो त्यांनी स्टाफरूमच्या कपाटाला आतून चिकटवला होता. अनवाणी, काटकुळी, दात विचकून हसणारी पोरगी. नवीन पोरींना त्या मुद्दाम कपाट उघडून दाखवायच्या. "ही मीच हाय," म्हणायच्या आणि मग स्वतःच्या पोटावर थाप मारून, "आन् ही बी मीच."

नोकरी लागली, कालव्याच्या मुलखात लग्न झालं, आणि अंग चढत गेलं. एकदम नाही हो. दर दिवाळीला पोलकं जरासं घट्ट, एवढंच. माहेरचे लोक बघून खूश व्हायचे. कौसल्येला कालव्याचं पाणी मानवलं, म्हणायचे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाडं मोजली त्यांना अंगावरचं मांस म्हणजे सुखच वाटणार, त्यांना कशाला नावं ठेवा? बाई म्हणायच्या, "पानी न्हाई रं बाबा, खुर्ची मानवली." आणि ते खरं होतं. आमच्याकडे खेळाचा तास म्हणजे गणिताला उसना द्यायचा तास. खेळाच्या बाई मोकळ्याच, म्हणून मतदारयाद्या त्यांच्याकडे, पोषण आहाराच्या खिचडीचा हिशेब त्यांच्याकडे, साहेब तपासणीला आले की चहापाणीही त्यांच्याकडेच. पळणाऱ्या बाईला आमच्या व्यवस्थेनं उचलून खुर्चीत बसवलं आणि वर म्हटलं, बाई, फार सुटलात तुम्ही.

सुटलं तर सगळंच गाव होतं. आता मीही काही शेलाटी नाही, तेव्हा कुणाला हिणवायला सांगत नाही. पण डोळे आहेत ना. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक जाडी बाई होती आणि तिला सगळे 'जाडीआक्का' म्हणायचे. आज म्हणून बघा, निम्मी आळी ओ देईल. दळण दारात, दूध दारात, शेतावर जायला मोटरसायकल, कोपऱ्यावर वडापाव, आणि आल्यागेल्याला पोह्यांवर शेव. कुणी आळशी झालं नाही, कामं बदलली. बाईंसमोर कुणी "पूर्वीच्या बायका बघा कशा काटक" असं म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "माझी आई काटक हुती," त्या म्हणायच्या. "डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची. चाळिशीत कंबर गेली तिची. ती मोळी परत आनायची का? डोक्यावरचं वझं गेलं ते लई ब्येस झालं. पन त्याच्या बदली आमाला दिलं काय? टीव्हीवरची शिरेल आन् फरसान."

मग त्यांच्या आजाराचं. एका दुपारी मधल्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "भूगोल, पाळी जाऊन वर्सं झाली. आन् आता परत अंगावर जायला लागलंय." आवाजही बारीक केला नव्हता. विज्ञानाच्या मॅडमनी ऐकलं, त्या म्हणाल्या, उष्णता असेल, सब्जा घ्या. घरी त्यांच्या जाऊबाईंनी तर थट्टाच केली, की बरंय, परत तरुण झालीस. बायकांच्या अंगावरचं काहीही असो, आमच्याकडे त्याला दोनच औषधं, सब्जा आणि थट्टा. बाईंनी दोन्ही घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या नगरच्या एस.टी.त बसल्या. जिल्ह्याचं नाव बदललं असलं तरी आम्ही अजून नगरलाच जातो.

नगरमधल्याच सावेडीत बाईंचा मुलगा महेश राहायचा, सुप्याच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या घराजवळच एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. तपासण्या झाल्या आणि आठवड्यानं त्यांनी सांगितलं की गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. अगदी उशीर झालेला नाही, पण अगदी सुरुवातही नाही. पिशवी काढायची, मग रेडिएशनचे शेक द्यायचे. महेश तिथेच रडायला लागला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कशानं झाला?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, "कारणं बरीच असतात. त्यातलं एक वजन. पाळी गेली की अंडाशय थांबतात, पण चरबी थांबत नाही. तीसुद्धा थोडं थोडं तेच संप्रेरक तयार करते आणि गर्भाशयाच्या अस्तराला वाढ, वाढ म्हणून सांगत राहते. वर्षानुवर्षं. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, आतड्याचा, असे आणखीही काही आहेत ज्यांचा वजनाशी संबंध आहे."

"म्हंजी माझीच चूक," बाई म्हणाल्या.

"तसं मला सांगता येणार नाही. जाड बायकांतल्या बहुतेकींना हा कधीच होत नाही आणि काडीसारख्या बाईलाही होतो. तुमच्या एकटीचं गणित कुणालाच मांडता येत नाही. पण गावाचं मांडता येतं. एखाद्या गावातल्या सगळ्यांचंच वजन हळूहळू वाढत गेलं, की काही वर्षांनी आमच्या दाराशी रांग वाढते. त्या रांगेत नेमकं कोण असेल ते सांगता येत नाही. रांग वाढेल हे सांगता येतं."

बाईंनी रिपोर्ट घडी करून पिशवीत घातला आणि उठल्या. मला वाटलं, खचल्या. एस.टी. राहुरीच्या पुढे आली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भूगोल, माझं एकटीचं सांगता येत न्हाई म्हनली ती. मंग मी एकटीनं मान खाली का घालायची? गावाचं सांगता येतंय ना? गावाचंच बघू."

ऑपरेशन झालं, शेक झाले. भेटायला येणारे यायचे. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जातात ते सफरचंदं आणि दोष घेऊन. एक चुलत नणंद म्हणाली, वहिनी, तोंडावर ताबा ठेवायला हवा होता. बाई अंथरुणात उठून बसल्या. "तुझी थोरली बहीण कशानं गेली गं? बाभळीच्या शेंगंवानी हुती ती. तिचा स्तनाचा हुता. तिनं कशावर ताबा ठिवायला पायजे हुता?" नणंद सफरचंदं ठेवून गेली. मला बाईंनी एक सोलायला लावलं. "जाड बाईला आजार झाला की लोकांना न्याय झाल्यासारखं वाटतं," सालं निघेपर्यंत त्या बोलत होत्या. "हसू बी नगा आन् न्याय बी करू नगा. जागा द्या म्हनावं चालायला."

ही जागेची गोष्ट महत्त्वाची आहे. कारण डॉक्टरीणबाईंनी त्यांना रोज चालायला सांगितलं आणि बाई पहिल्याच दिवशी परत आल्या. रस्त्यावर वाळूचे डंपर, मोकाट कुत्री, आणि त्याहून वाईट म्हणजे पारावरचे लोक. आमच्या गावात बाई कुठेतरी जाताना चालू शकते. नुसतीच चालू शकत नाही. नुसती चालली की विचारणारच, काय वहिनी, आज कामं नाहीत वाटतं? म्हणून ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं त्या बायका हातात दुधाची किटली घेऊन निघायच्या. रिकामी किटली. डेअरीपर्यंत जायचं, डेअरीला वळसा घालायचा, परत यायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की किटलीत दूध नाही, पण किटली आहे म्हणून कुणी विचारायचं नाही. बाईंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की टाक्यांवर हात धरावा लागला. आणि हसून झाल्यावर भयंकर चिडल्या.

शाळेच्या मागे मैदान होतं, चारी बाजूंनी भिंत आणि कडेनं लिंबाची झाडं. फाटकाची किल्ली खेळाच्या बाईंकडे. रजेवरून परतल्यावर त्यांनी पहाटे फाटक उघडायला सुरुवात केली आणि किटलीवाल्या बायकांना आत घेतलं. "किटल्या हितं ठिवा," त्या फाटकाकडे बोट दाखवून सांगायच्या. "आत कुनाला काय पटवायचं न्हाई." फाटकाशी किटल्यांची रांग लागायची आणि आत बायका चालायच्या. कुणी नऊवारी, कुणी गाऊनवर ओढणी, दोन बुरख्यातल्या, एक सत्तरीची आजी जी अर्ध्या फेरीनंतर बसून बाकीच्यांना शिव्या द्यायची. शाळा सुटल्यावर पोरींचा खोखो. गणिताला उसना दिलेला तास बाईंनी भांडून परत घेतला. "आत्ता ह्या पळाल्या न्हाईत तर ह्यांच्या वेळंला रांग आनखी लांब हुईल," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. कुठली रांग, हे त्यांना कळलं नाही. तास मात्र दिला.

आणि नेमकं त्याच वर्षी संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांना त्या मैदानावर लॉन सुचलं. लॉन म्हणजे गवत नव्हे, लॉन म्हणजे लग्नाचं. कमान, स्टेज, आचाऱ्याची शेड. संस्थेला उत्पन्न हवं, गावात चांगलं कार्यालय नाही, आणि मैदान तर नुसतंच पडून आहे, असं त्यांचं म्हणणं. बाई त्यांच्या घरी गेल्या, बंगल्यावर तास-तास बसल्या. दादासाहेब गोड माणूस. चहा पाजायचे आणि बघू म्हणायचे. "बघू म्हनलेलं काम बघत बघतच मरतं," बाई बाहेर पडताना म्हणाल्या. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्या गेल्या की किल्ली जाणार आणि किल्ली गेली की मैदान, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

निवृत्तीचा समारंभ माजी विद्यार्थिनींनी मनावर घेतला. फेटे, मिरवणूक, आणि बाईंची पेढेतुला. आमच्या साखरपट्ट्यात मोठ्या माणसाला तोलायची हौस फार. दादासाहेबांची साठीला गूळतुला झाली होती, तोच मार्केट यार्डातल्या आडत्याचा तराजू झेंडूच्या माळा गुंडाळून मैदानात उभा केला. आता तुलेला पेढे किती आणायचे, तर बाईंचं वजन माहीत हवं. ते त्यांना विचारणार कोण? समितीतल्या एकीनं अंदाज केला, दुसरीनं आदरापोटी त्यातलं थोडं कमी केलं, तिसरीनं आणखी थोडं, आणि मिठाईवाल्याला जो आकडा कळवला तो धरला तर बाई अजून जिल्ह्यात पहिल्या आल्या असत्या. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी ग्रॅमसकट सांगितलं असतं.

दादासाहेबांनी माइक घेतला. बाईंचं कौतुक केलं, मनापासून केलं असेल, आणि शेवटी भरात येऊन म्हणाले, "बाई, आज तुम्ही मागा. संस्था तुम्हाला नाही म्हणणार नाही." टाळ्या पडल्या. बाई पारड्यात बसल्या आणि समोरच्या पारड्यात पेढ्यांची खोकी ठेवायला सुरुवात झाली. खोकी संपली. बाईंचं पारडं जमिनीवरच. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी शाल ठेवली, कुणी नारळ ठेवले, कुणी फेट्यांची चळत ठेवली. पारडं हललं नाही. मागून एक पुरुषी आवाज आला, तुळशीचं पान ठेवून बघा. मग मांडवभर हशा पिकला आणि ज्या पोरींनी एवढं सगळं केलं होतं त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बाईंनी शिट्टी वाजवली.

"हसा," त्या म्हणाल्या. माइक कुणी दिला नव्हता, त्यांना लागतही नव्हता. "पोटभर हसा. माझं वजन विचारायला कुनाची जीभ रेटली न्हाई, पन हसायला रेटली. ऐका आता. मला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. ह्या वजनाचा त्यात हात हाय, असं डॉक्टर म्हनतात. किती, ते देवाला ठावं. मला लाज न्हाई वाटत. लाज वाटून माझा आजार गेला न्हाई आन् तुमचा यायचा थांबनार न्हाई. ह्या पारड्यात मी एकली न्हाई बसलेली. सगळं गाव बसलंय." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ए भूगोल, ये. ते पेढे काढा आन् हिला बसवा समूर."

माझी स्थिती काय झाली असेल ते सांगत नाही. धरणी दुभंगली असती तरी मी आत मावले असते की नाही, शंका आहे. पण त्या डोळ्यांना नाही म्हणणं मला आयुष्यात जमलं नाही. पेढे काढले, मी बसले, आणि बाईंचं पारडं पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं. दोन बाया, अधांतरी, झेंडूच्या माळांत. दांडी जवळजवळ सरळ झाली. या वेळी कुणी हसलं नाही. एक बाई मात्र उठली, मग तिच्या शेजारची, आणि त्या तराजूभोवती येऊन उभ्या राहिल्या. किटलीवाल्याच होत्या सगळ्या.

"दादा," बाई म्हणाल्या, "मागा म्हनलात. मागते. हे मैदान मोकळं ऱ्हाऊ द्या. सकाळी बायांना, संध्याकाळी पोरींना. भिंत बी ऱ्हाऊ द्या, त्या भिंतीमुळं कुनी बघत न्हाई. लॉन दुसरीकडं करा."

"बघू बाई, मीटिंगला विषय घेऊ," दादासाहेब हसून म्हणाले.

"घ्या की. मी हितंच बसते तवर."

त्यांना थट्टा वाटली. बाई पारड्यात मांडी घालून बसल्या आणि पदर सारखा केला. भाषणं पुढे सरकेनात, कारण सत्कारमूर्तीच तराजूत. उन्हं कलली, पाहुणे म्हणून आलेल्या आमदारांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, ते निघून गेले. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मी उतरले तर बाईंचं पारडं दाणकन आपटेल, म्हणून मलाही उतरता येईना. मी हळूच विचारलं, "बाई, किती वेळ?" त्या म्हणाल्या, "तुला घाई हाय का? मला डॉक्टरनं तारीख दिलेली न्हाई." बायका जमिनीवर बसल्या. पेढ्यांची खोकी फोडून त्यांनी एकेक वाटून घेतला. शेवटी दादासाहेबांनी माइक हातात घेतला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "ठीक आहे. मैदान राहील. आता उतरा." बायकांनी दोन्ही पारडी धरली, आम्ही दोघी उतरलो, आणि बाईंनी दादासाहेबांना वाकून नमस्कार केला. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं.

त्यानंतर दीड वर्ष बाई आमच्याबरोबर चालल्या. वजन फारसं उतरलं नाही. त्यावरूनही लोक बोलायचे, की एवढं चालून काय उपयोग. "पोरींचं चढनार न्हाई, हा उपयोग," त्या म्हणायच्या. "झालेलं पुसाया मी देव न्हाई. पुढच्यांचं बघती." मग आजार परत आला, या वेळी फुप्फुसात. महेशनं त्यांना सावेडीला नेलं. तिथे मात्र अंग भराभरा उतरलं. मी भेटायला गेले तेव्हा कपाटातल्या फोटोतली हाडं परत वर आली होती. शेजारची कुणी आली होती, ती म्हणाली, आजी, बारीक झाल्यावर चेहरा किती छान दिसतोय. मला तिला खिडकीतून फेकावंसं वाटलं. बाईंनी फक्त डोळे मिटले. ती गेल्यावर म्हणाल्या, "बघ भूगोल. जाड हुते तवा माझ्या तब्येतीची काळजी हुती ह्यास्नी. आता मरायला टेकले तर छान दिसती."

गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "वाजवायला दम लागतो. माझ्यातला संपला. तुझ्यात लई हाय, तू वापरत न्हाईस." मी रडायला लागले. "रडाया बी दमच लागतो, तो तिकडं घालवू नगंस," म्हणाल्या. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चार दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याला प्रवरेच्या काठी माणूस मावत नव्हतं. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे प्रवचन आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीचा माइक. या माइकसमोर उभं राहिलं की माणसाला भान राहत नाही. एकेक जण उठला, एकेकानं बाईंची शिट्टी आठवली, हसले, डोळे पुसले. शेवटी दादासाहेब उठले. म्हणाले, "बाईंसारखी बाई पुन्हा होणे नाही. त्यांच्या स्मृती जपणं हे आपलं कर्तव्य आहे. म्हणून मी आज इथे जाहीर करतो की शाळेच्या मागच्या मैदानावर संस्थेतर्फे कौसल्याबाई म्हस्के स्मृती बहुउद्देशीय सभागृह..."

बहुउद्देशीय. त्यातला पहिला उद्देश लग्न, हे तिथल्या कावळ्यालाही कळलं असतं. आणि नाव बाईंचं. विरोध केला तर बाईंच्या नावाला विरोध, तोही त्यांच्या दहाव्याला, त्यांच्या मुलासमोर. महेश हात जोडून उभा राहिला होता, त्याला बिचाऱ्याला आईचा सन्मानच वाटला. बायका माना खाली घालून बसल्या होत्या. काही जणी माझ्याकडे बघत होत्या. मी कशाला? मी भूगोल शिकवते. मला अजून नोकरी आहे, आणि ती त्याच माणसाच्या संस्थेत.

शिट्टी माझ्या पिशवीत होती. मी ती तोंडात धरली आणि वाजवली.

पहिल्यांदा नीट वाजलीच नाही, नुसती फुर्र झाली. मग मी छाती भरून घेतली. माइकचा आवाज बुडाला. घाटावरची माणसं उठून बघायला लागली आणि दादासाहेब तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबले. मी उभी राहिले.

"दादासाहेब," मी म्हणाले, "बाईंचं नाव द्यायचं तर मैदानाला द्या. मोकळ्या."

"मॅडम, ही वेळ नाही. आपण नंतर बघू."

"'बघू' नको. तुम्ही गावासमोर शब्द दिला होता. मी उभी आहे."

ते बसा म्हणाले. प्रवचनकारही बसा म्हणाले. मी उभीच राहिले. थोड्या वेळानं पाठीमागे साड्यांची सळसळ ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही, पण ती सत्तरीची आजी उठता उठता अर्ध्यात थांबून कुणाला तरी शिव्या देत होती, ते ओळखू आलं.